विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा बदलीच्या नोकरीतल्या माणसाला उद्देशून वापरली जाते. तीत थोडी थट्टा असते आणि थोडी कीवही असते. कारण एका जागी मूळ धरून राहणे हेच आपण सुखाचे लक्षण मानत आलो आहो. परंतु आज जगाच्या अनेक भागांत अशी पुष्कळ माणसे आहेत, की ज्यांनी ही म्हण अक्षरशः अंगीकारली आहे. एका लहानशा मोटारीत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि चार भांडी मांडून ती महिनेच्या महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, त्या गाडीतच राहतात आणि तिच्यातूनच हिंडतात. इंग्रजीत अशा गाडीला ‘कॅम्परव्हॅन’ म्हणतात. आपण तिला बिऱ्हाडगाडी म्हणू. या बिऱ्हाडगाडीतला संसार चालतो कसा, त्याला काय लागते आणि तो अडतो कोठे, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

चालते बिऱ्हाड आपणांस अगदीच परके आहे असे नाही. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना हे सांगावयास नकोच, की त्यांच्या शहराच्या ज्या भागाला ‘लष्कर’ म्हणतात तो एके काळी खरोखरीचे लष्करच होता. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये तेथे स्थिरावली आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. त्यापूर्वी एकच वर्ष, म्हणजे १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी या छावणीबरोबर हिंडत होता. त्याने लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांतून हे चालते शहर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. सराफ, वाणी, शिंपी, मुलेमाणसे, गुरेढोरे असा सारा संसार बरोबर असे. मात्र छावणी कितीही मोठी असली तरी तिचा मुक्काम कोठे पडावा हे पाणी कोठे आहे यावर ठरे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण दोनशे वर्षांनंतरच्या बिऱ्हाडगाडीलाही तोच प्रश्न पडतो.

आजच्या बिऱ्हाडगाडीची कुळकथा जर्मनीत सुरू होते. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. बेन पॉन नावाचा एक डच व्यापारी फोक्सवॅगनच्या कारखान्यात जात-येत असे. १९४७ च्या एप्रिलात त्याने आपल्या टिपणवहीत एका डब्यासारख्या गाडीची आकृती काढली. चालक पुढे, यंत्र मागे आणि मधली सारी जागा मोकळी, अशी ती कल्पना होती. १९५० च्या मार्चमध्ये वोल्फ्सबुर्ग येथे या गाडीचे उत्पादन सुरू झाले. तिची लांबी सव्वाचार मीटरांच्या आसपास होती आणि यंत्राची शक्ती अवघी पंचवीस अश्वशक्ती. भाजीवाले, पाववाले, रंगारी यांच्या मालवाहतुकीसाठी ती घडवलेली होती. तिच्यात कोणी राहावे असा मूळ हेतू नव्हता.

पुढे १९५१ मध्ये वेस्टफालिया या गाड्या बांधणाऱ्या संस्थेने तिच्यासाठी एक ‘पेटी’ तयार केली. ही पेटी म्हणजे बसण्याची बाके, निजण्याची सोय आणि लहानसे फडताळ असा एक सुटा संच होता. कारागिराने शनिवारी तो गाडीत बसवावा, कुटुंबासह तळ्याकाठी जावे आणि सोमवारी तो बाहेर काढून पुन्हा मालाची खोकी भरावीत, अशी त्यातली योजना होती. पेटी काढता येत होती, हा तिचा मोठा गुण होता. या गुणाची आठवण आपणांस शेवटी पुन्हा करावी लागणार आहे.

याच गाड्या पुढे आपल्या दाराशीही आल्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपातली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर अशा मार्गाने भारतात येऊ लागली. कोणी बसने येई, कोणी जुनी फोक्सवॅगन घेऊन येई. त्यांपैकी अनेकांचा शेवटचा मुक्काम गोव्यात, कळंगुट किंवा हणजूणच्या किनाऱ्यावर पडे. गोव्यातील वडीलधाऱ्या श्रोत्यांना ही मंडळी आठवत असतील. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सेना अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मोडला. या गाडीचा जुना घाट ब्राझीलमध्ये मात्र २०१३ च्या डिसेंबरपर्यंत तयार होत राहिला. अपघातात फुगणाऱ्या सुरक्षापिशव्या सक्तीच्या झाल्या तेव्हा तो बंद करावा लागला.

आता या घराच्या आत जाऊ. चालकाची जागा सोडली तर अशा लहान गाडीत राहावयास सुमारे चार चौरस मीटर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस चौरस फूट जागा मिळते. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची होती आणि तिला आपण अपुरी म्हणत आलो. त्या एका खोलीत अशा तीन-चार गाड्या मावतील! साहजिकच येथे प्रत्येक वस्तूला दोन कामे करावी लागतात. दिवसा जे बाक तेच रात्री पलंग, आणि पाटाखाली कोठार. एक वस्तू काढण्यासाठी दुसरी दोनदा हलवावी लागते. जी वस्तू महिन्यात एकदाही हाताला लागली नाही ती उतरवून टाकावी, असा या लोकांचा दंडक असतो. तो केवळ जागेसाठी नव्हे. गाडीने किती भार वाहावा याला मर्यादा असते आणि भार वाढला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. पन्नास लिटर पाणी घेतले म्हणजे पन्नास किलो वजन घेतले, हा हिशेब तेथे रोज मनात ठेवावा लागतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा हिशेब पाहू. आपल्या शहरांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे मान सरकारी नियोजनात धरलेले असते. न्यूझीलंडमध्ये बिऱ्हाडगाड्यांसाठी जे मानक ठरले त्यात माणशी दररोज किमान चार लिटर पाणी धरले आहे. पिणे, स्वयंपाक, भांडी आणि तोंड धुणे हे सारे त्यातच. स्नान म्हणजे बहुधा ओल्या फडक्याने अंग पुसणे. भांडे आधी कागदाने पुसावयाचे आणि मग घोटभर पाण्यात विसळावयाचे. दुष्काळी मुलखातल्या आपल्या गृहिणींना ही विद्या कोणी शिकवावी असे नाही; पण नळाखाली वाढलेल्या माणसाला ती नव्यानेच शिकावी लागते. या संसारात दीर्घकाळ राहिलेले लोक सांगतात, की पहिल्या महिन्यात गाडी चालविण्यापेक्षा तोटी बंद करण्याची सवय अवघड वाटते.

दुसरी गोष्ट श्वासाची. घरात आपण श्वास सोडतो त्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण दोन माणसे बंद गाडीत रात्रभर निजली की त्यांच्या श्वासातून आणि अंगातून सुमारे अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड प्रदेशात ती वाफ लोखंडी भिंतींवर आणि काचांवर थिजते, थेंब ओघळून गादीखाली जातात, कापडाला बुरशी धरते आणि पत्रा आतून गंजू लागतो. थंडी वाजते म्हणून कोणी आतच गॅसची शेगडी पेटवून ठेवली तर ओल कमी होण्याऐवजी वाढते. कारण एक किलो गॅस जळला की त्यापासून दीड किलोहून अधिक पाणी तयार होते. म्हणून कडाक्याच्या थंडीतही खिडकी बोटभर उघडी ठेवावी, हा या घराचा पहिला नियम आहे.

त्या उघड्या खिडकीवर केवळ गादीचे कोरडेपण अवलंबून नसते, प्राणही अवलंबून असतात. कोंदट जागेत शेगडी नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. विझत आलेल्या कोळशांची शेगडी ऊब म्हणून आत घेतल्याने माणसे दगावली आहेत. अशा गाडीत या वायूची सूचना देणारी घंटा बसवणे हा म्हणूनच चैनीचा भाग मानला जात नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर खाली साठतो; म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवतात. आपल्याकडे गाडीत निजण्याचा प्रसंग येणाऱ्या यात्रेकरूंनी आणि मालमोटारींच्या चालकांनीही ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विजेचे गणित त्यामानाने सोपे आहे. गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळी आणि घराची बॅटरी वेगळी ठेवतात, नाही तर रात्री दिवा लावला म्हणून सकाळी गाडी सुरू न होण्याची वेळ येते. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे सव्वा युनिट वीज. आपल्या घरातला साधा छताचा पंखा तेवढ्या विजेवर पंधरा-सोळा तास फिरेल. तीतही जुन्या शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वरचेवर काढली तर तिचे आयुष्य घटते. टपावरचे सौर पट्टे ती भरून काढतात. परंतु उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यातले ऊन इतके मंद असते, की ऐन गरजेच्या वेळी त्यांचा हात आखडतो.

येथवर जे सांगितले ते सारे माणसाला युक्तीने आणि शिस्तीने साधता येते. आता जे सांगावयाचे आहे ते त्याच्या एकट्याच्या हातचे नाही. पाणी बरोबर नेता येते. पण ते भरावयाचे कोठे, आणि वापरलेले पाणी व मैला टाकावयाचा कोठे? घरातल्या मोरीतून पाणी गेले की आपल्या दृष्टीने ते संपले. पुढचे काम गटार आणि नगरपालिका करते. बिऱ्हाडगाडीची मोरी मात्र गाडीबरोबरच चालते. रस्त्याच्या कडेला, नदीकाठी किंवा झुडपाआड ती रिकामी करणारे थोडे निघाले तरी त्यांची झळ साऱ्यांना बसते. गावकरी संतापतात, पाट्या लागतात आणि काल जी जागा खुली होती ती आज बंद होते.

न्यूझीलंडमध्ये नेमके हेच घडले. तेथे निसर्गरम्य जागी फुकट मुक्काम करणाऱ्या गाड्या वाढल्या, तशा तक्रारीही वाढल्या. २०११ मध्ये मुक्त मुक्कामाविषयी कायदा झाला. गाडीतील माणसांना तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर घाण न टाकता राहता आले पाहिजे, असे तेथले मानक सांगते. त्यासाठी माणशी बारा लिटर स्वच्छ पाणी, तितकेच सांडपाणी साठविण्याची सोय, दुर्गंध अडविणारी मोरी आणि झाकणाचा केरडबा हे सारे गाडीत असले पाहिजे. २०२३ च्या कायद्याने शौचकूप गाडीत पक्का बसविलेला असावा अशीही अट घातली. या नियमांतला विचार आपणांसही पटण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या अंगणात रात्र काढावयाची असेल तर आपली घाण आपणच उचलून नेण्याची तयारी हवी.

अमेरिकेतील व्यवस्था थोडी निराळी आहे. तिच्या पश्चिम भागात संघ-सरकारच्या मालकीची विस्तीर्ण ओसाड जमीन आहे. तेथे बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांच्या काळात एका जागी चौदा दिवस राहता येते. मग बिऱ्हाड हलवावे लागते. अ‍ॅरिझोनातील क्वार्टझसाइट गावाजवळच्या वाळवंटात मात्र परवाना घेऊन १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे सात महिने, मुक्काम करता येतो. हिवाळ्यात तेथे दूरदूरहून गाड्या येतात आणि उन्हाळा तापू लागला की सारे पांगतात. आपल्या छावणीच्या बाजाराची आठवण व्हावी असाच तो प्रकार आहे.

पण मुक्कामाची जागा मिळाली तरी पत्ता मिळत नाही; आणि आजच्या राज्यव्यवस्थेत पत्त्याशिवाय माणूस अर्धाच उरतो. टपाल, बँक, वाहन चालविण्याचा परवाना, विमा, मतदान, सारे पत्त्याला बांधलेले आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा या राज्याने फिरत्या लोकांना बरीच सवलत दिली. तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहनचालनाचा परवाना काढणारे पुष्कळ झाले. परंतु २०२३ मध्ये तेथेही मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली. सतत फिरणाऱ्याचे मत कोणत्या गावचे, हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही.

आणखी एक प्रश्न असा, की गाडीत ‘राहणे’ म्हणजे काय? लॉस एंजेलिस शहराने १९८३ मध्ये रस्त्यावरील मोटारीत राहण्यास बंदी करणारा नियम केला होता. पुढे गरीब लोकांवर त्याखाली कारवाई झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो नियम संदिग्ध ठरवून रद्द केला. गाडीत अन्न ठेवणे, पांघरूण ठेवणे, पावसात आडोसा घेणे यांपैकी कशाने ‘राहणे’ होते, हे नियमावरून कळत नव्हते. सहलीला निघालेले सुखवस्तू कुटुंब आणि घर गमावलेला माणूस यांच्या गाड्यांत सामान सारखेच असू शकते; पोलीस हटकतो तो बहुधा दुसऱ्याला.

या संसाराचे खरे दुखणे येथे आहे. गाडीत राहणाऱ्यांच्या चित्रांत आपण बहुधा हसरे तरुण जोडपे, समुद्र आणि उघडे दार पाहतो. परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत अनेक वयस्क माणसांवर घराचे भाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहावयाची वेळ आली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्याबरोबर हिंडून २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. साठी उलटलेली ही माणसे हंगामाप्रमाणे कोठे बीटची काढणी, कोठे गोदामातले काम, कोठे सहलीच्या तळांची देखभाल करीत फिरतात, असे त्यात आढळते. त्या पुस्तकावरून २०२० मध्ये निघालेल्या चित्रपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. या माणसांचे धैर्य थोर आहे यात शंका नाही. पण त्या धैर्याचे कौतुक करताना म्हाताऱ्या माणसाला ते करावे का लागले, हा प्रश्न झाकून टाकणे बरे नव्हे.

आपणांस तर हा प्रश्न अधिकच जवळचा वाटावा. हिंडणाऱ्या बिऱ्हाडाकडे कायदा संशयाने पाहतो तेव्हा काय होते हे आपल्या देशाने अनुभवले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, शिधापत्रिका यांसाठी पालांवर राहणाऱ्यांची वणवण त्यानंतरही चालूच राहिली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हौसेने हिंडणाऱ्याला थांबण्याची जागा, पाणी आणि वीज मिळावी हे योग्यच आहे. ज्यांचे हिंडणे पोटासाठी आहे त्यांच्या पालालाही पाणी आणि पत्ता मिळावा, इतकेच तेथे जोडून म्हणावेसे वाटते.

श्रोतेहो, कोणास काही काळ असे राहून पाहावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. किती थोड्यात भागते हे त्या चाळीस चौरस फुटांत कळते. पाणी, वीज आणि जागा यांची किंमत माणूस पुन्हा शिकतो. मात्र निघण्यापूर्वी एक महिना आपल्याच गावाच्या आसपास राहून पाहावे; परतीसाठी एक दार आणि अडीअडचणीसाठी थोडी पुंजी मागे ठेवावी; आणि ज्या गावची विहीर किंवा नळ वापरला त्या गावच्या दुकानातून काही तरी विकत घ्यावे. चालते घर स्वतंत्र दिसते, पण ते उभ्या गावांच्या भरवशावर चालते.

आणि ती जर्मन कारागिराची पेटी आठवावी. सोमवारी त्याला ती गाडीतून बाहेर काढता येत होती, म्हणून शनिवारचा प्रवास सुखाचा होता. ज्याला पेटी बाहेर काढावयास घरच नाही, त्याची गाडीही तशीच दिसते आणि तीही तळ्याकाठीच उभी असते. रस्त्याच्या कडेला अशी गाडी दिसली, तर आत प्रवासी आहे की निराधार, हे दुरून ठरवू नये. दार वाजवावे आणि पाणी हवे का, असे विचारावे. दोघांनाही ते लागतेच.